कठड्यावरचा पालथा कप

कप विसळला आणि बाल्कनीच्या कठड्यावर पालथा ठेवला. एवढंच केलं मी. मला कुणी ठेवायला सांगितलं नव्हतं.

"कप भाईर का ठेवलास गं?" काकूंनी विचारलं.

मी नुसती हसले. काकू त्या कपाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. चेहरा हळूहळू बदलत गेला.

"तेरची ना तू? तेरमधे घर कुठं तुमचं?"

खोटं बोलता आलं असतं. "विहाराजवळ," मी म्हणाले.

"बरं." ते 'बरं' मला अजून ऐकू येतं.

जर्मनीतलं एक लहान शहर होतं ते. विद्यापीठातून सहा महिन्यांसाठी एक्स्चेंजवर गेले होते. दिवाळीत तिथल्या एका मराठी कुटुंबानं आम्हा चार विद्यार्थ्यांना फराळाला बोलावलं. काकू मूळच्या लातूरकडच्या. "म्हंजे आपल्याच भागातली की गं!" म्हणत त्यांनी दारातच मला जवळ घेतलं. किती दिवसांनी कुणाच्या तोंडून 'लई' ऐकलं. माझे डोळे भरून आले होते. बाकीचे तिघं पुण्या-मुंबईचे. त्यांना पालथ्या कपातलं काही कळलं नाही. कळलं ते आम्हा दोघींनाच.

आमच्या गावात, तेरमध्ये, आई ज्यांच्या शेतात खुरपायला जाते, त्यांच्या गोठ्यात एक कोनाडा आहे. कोनाड्यात कान तुटलेला कप. आईचा. मालकीणबाईंनी वरून चहा ओतायचा, आईनं प्यायचा, विसळायचा आणि कप पालथा घालून परत कोनाड्यात. "आता कोण पाळतं असलं?" असं कॉलेजात कुणी म्हणालं की मला तो कोनाडा दिसतो. सात वर्षांची असताना मी शहाणपणा केला. कप धुऊन आत, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवर नेऊन ठेवला. मालकीणबाईंनी ते पाहिलं. सांडशीत धरून तो कप उचलला आणि अंगणात टाकला. त्याचा कान तेव्हा तुटला. थोबाडीत मारली ती आईनं. घरी येताना वाटेत म्हणाली, "आपणहून भाईर ठिवावं. म्हंजी कुणी सांगायची येळ येत न्हाय."

अब्रू राखायची ही तिची रीत. मी ती इतकी पक्की शिकले की सातासमुद्रापार हातानं ती सोबत नेली. व्हिसा माझ्या एकटीचा होता, तरी.

पुढच्या महिन्यात काकूंनी जेवायला बोलावलं. सगळ्यांना काचेच्या प्लेट, निळ्या काठाचे कप. मला कागदी प्लेट, कागदी कप. "तुला उगं धुवायचा त्रास नको," काकू गोड आवाजात म्हणाल्या.

मी जेवले. सांगताना लाज वाटते, पण जेवले. वर "छान झालंय" म्हणाले. कागदी कप चुरगळून मीच कचऱ्यात टाकला. काकूंना बोटही लावावं लागलं नाही.

त्यानंतर कप माझा पिच्छा सोडेना. विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये उष्टी भांडी सरकत्या पट्ट्यावरून आत धुवायला जायची. प्राध्यापकांचा कप, झाडूवाल्याचा कप, माझा कप. सगळे एकाच पट्ट्यावर. मी तिथं उभी राहून बघायची. आणि वसतिगृहाच्या खोलीवर यावं तर माझा स्वतःचा कप खिडकीबाहेर पालथा. मीच ठेवलेला. कधी ठेवला ते आठवायचं नाही. मला माझ्याच हाताची भीती वाटायला लागली. कोनाडा तेरमध्ये राहिलाच नव्हता, मी तो अंगात घेऊन फिरत होते.

परत यायच्या आधी काकूंकडे निरोपाचा चहा होता. काका-काकू आणि आम्ही चौघं; टेबलावर पाच निळे कप आणि एक कागदी.

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन कपाट उघडलं, सहावा निळा कप काढला. चहा ओतून घेतला आणि सगळ्यांसमोर बसून प्याले. मग सहाही कप गोळा केले, एकत्र धुतले, पुसले आणि कपाटात लावून टाकले. आत. सुलटे.

"अगं, तुझा कुठला व्हता?" काकूंचा आवाज चिरकला.

"मलाही नाही सांगता येणार, काकू."

बाकीचे तिघं हसले. त्यांना गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर जाताना त्यांच्या इमारतीसमोर फूटपाथवर एक खोकं दिसलं. नकोशा वस्तू तिथले लोक अशाच ठेवतात, ज्याला हव्या त्यानं न्याव्यात. खोक्यात निळ्या काठाचे कप. सहाच्या सहा. भर रस्त्यात रडले मी, संतापानं. मग स्वेटरमध्ये गुंडाळून सगळे घेऊन आले.

आता ते तेरमध्ये आमच्या मांडणीवर आहेत. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काम सोडायला जमायचं न्हाय बाई मला." सकाळी खुरपं घेऊन गेलीही. गोठ्यातला चहा मात्र आता घेत नाही. "घरून पिऊन आले" म्हणते. मला ते पुरत नाही.

हात अजून चुकतो. परवाच एक निळा कप अंगणातल्या दगडावर सापडला, पालथा. उचलून आत आणला. पुन्हा चुकला तर पुन्हा आणीन.

मालकीणबाईंनी आईकडे निरोप दिलाय, परदेशातून आलेल्या पोरीला चहाला घेऊन ये म्हणून. मी जाणार आहे. आईचं काम जाईल, हे तिला सांगितलंय. तिनं पदरानं तोंड पुसलं, पण नको म्हणाली नाही.

गोठ्यात थांबणार नाही मी. सरळ आत, मांडणीपाशी जाईन. त्यांचा कप घेईन, चहा पिईन, कप धुईन आणि बाकीच्या कपांत मिसळून ठेवीन. मग सांडशी कुठल्या कपाला लावायची, ते त्यांनी ठरवावं.