विजूताईच्या खोलीतले मंगळवार

डंकावरून कुटून आणलेला मसाला परातीत पसरायचा, पुरता निवू द्यायचा आणि मगच पिशवीत भरायचा, हे लालबागमधल्या शाळकरी मुलीलाही ठाऊक असतं. तेव्हाच्या बेचाळीस वर्षांच्या शालूला, म्हणजे मला, ठाऊक नव्हतं असं नाही. पण ती शालू स्वतःला फार हुशार समजायची. वेळ वाचतो म्हणून तिने तीस किलो मसाला उनउनीत असतानाच प्लास्टिकच्या पिशव्यांत भरला, मेणबत्तीवर तोंडं चिकटवली आणि गावभर सांगत सुटली की माझा मालवणी मसाला वर्षभर खराब होत नाही. आज ती भेटली तर मी तिचा कान धरीन.

हे आठवायला कारण विजूताई. दीड महिन्यापूर्वी सकाळी मी कोथिंबीर निवडत असताना शरदचा फोन आला. शरद आमचा आकाशकंदील करणारा, एकदा बोलायला लागला की थांबवावा लागतो. त्या दिवशी म्हणाला, "शालूताई, विजूताई गेली..." आणि पुढे त्याला काही बोलताच येईना. मी कोथिंबीर निवडतच राहिले. जुडी संपल्यावर लक्षात आलं, पानं केरात टाकली होती आणि काड्या ताटात.

विजूताई घोडपदेवला चाळीच्या खोलीत ब्लाऊज शिवायची. धंदा करणाऱ्या माणसाला घरचे म्हणतात, कशाला नसते उद्योग. आणि गिऱ्हाइकापुढे तर रडता येत नाही. मग त्याने बोलायचं कुणाशी? म्हणून तिने आम्हाला गोळा केलं. मी मसालेवाली, रेखा पोळीभाजीचे डबे करणारी, शरद आणि आणखी दोघीतिघी. दर मंगळवारी दुपारी तीनला तिच्या खोलीत, मशीन कोपऱ्यात सरकवून, चटईवर. अट अशी की प्रत्येकाने त्या आठवड्यात काय फसलं ते सांगायचं. बाकीच्यांनी "अगं, होईल सगळं नीट" म्हणायचं नाही, "बिच्चारी" तर मुळीच नाही. फक्त प्रश्न विचारायचे आणि आपल्याला काय करता येईल ते सांगायचं. रेखा एकदा म्हणाली, फोनवरच बोलूया की, तेवढीच पायपीट वाचेल. त्यावर विजूताई म्हणाली, "फोनवर माणूस खुशाल थापा मारतं. समोर बसलं की पायाची बोटं हलतात."

त्या दिवसापासून मी पाय पदराखाली घेऊन बसू लागले. कारण माझं कधी काही फसायचंच नाही ना! रेखाची भाजी आंबली, शरदचा कागद फिका पडला, माझं मात्र दर मंगळवारी "झकास". बाई होते की जाहिरात, कोण जाणे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी दादरला एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून एक टेबल घेतलं, वर एकच पाटी, सगळ्यांची नावं एकाखाली एक. चाळीबाहेर माझा माल पहिल्यांदाच जाणार होता. तीन दिवस उरले असताना, मंगळवारीच, मी सहज एक पिशवी फोडली. कुबट वास आला. आत गुठळ्या, गुठळ्यांवर पांढुरकी बुरशी. दुसरी फोडली, तिसरी फोडली... सगळीकडे तेच. मी पिशव्यांवर चादर टाकली, पावडर लावली आणि घोडपदेवला गेले. माझी पाळी आल्यावर तोंड उघडलं ते "झकास" म्हणायलाच. पण समोर पाटीचा नमुना ठेवलेला होता. माझ्या नावाच्या वर रेखाचं नाव, खाली शरदचं. माझ्या एका पिशवीने ती सगळी नावं नासणार होती.

"मसाला गेला," मी म्हटलं. "सगळा. गरम असतानाच भरला मी."

मग रेखाने विचारलं, "थोडा तरी वाचेल?"

"नाही."

"मग फेकायचा. मिरच्या आहेत घरात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सगळी वरात माझ्या गॅलरीत हजर. रेखाने डबे जावेवर सोपवले होते. शरद देठं खुडता खुडता इतका शिंकत होता की मजल्यावरचे लोक बघायला आले, आणि आले ते देठं खुडायलाच बसले. मी डोळे पुसत होते, तर विजूताई म्हणाली, "रडतंस कित्याक? खुड देठां." दुपारी मसाला कुटून आला, चार घरांच्या परातींत पसरला. विजूताई राखणदारासारखी या घरातून त्या घरात. परातीत हात घालायची आणि म्हणायची, "अजून नाय." संध्याकाळपर्यंत तिने कुणाला पिशवीला हात लावू दिला नाही.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता माझा मसाला संपला. शेवटच्या पुड्यासाठी गिरगावच्या दोन बायका भांडल्या, मी बाजूला उभी राहून ते भांडण मनसोक्त ऐकलं. रिकाम्या जागेवर शरदने आपला सगळ्यात मोठा कंदील ठेवला, तोही गेला.

आज असे मंगळवार करी रोडला भरतात, अँटॉप हिलला भरतात, दादरच्या बैठकीत माझी नात साबण घेऊन बसते. विजूताईच्या तेराव्यानंतरच्या मंगळवारी सगळे घोडपदेवला आले. खोली भरली, गॅलरी भरली, जिन्यात माणसं बसली. एका नव्या मुलीने भीतभीत सांगितलं की तिचा केक मध्येच बसला, तर जिन्यातून प्रश्न आले. कुणी तिला बिच्चारी म्हटलं नाही. मला तर वाजतगाजत मिरवणूक काढावीशी वाटली.

पण मला सांगायचंय ते प्रदर्शनाच्या त्या संध्याकाळचं. टेबल आवरून झालं होतं. बाकीचे चहाला पुढे गेले, विजूताई मागे थांबली. मी फुशारकीत विचारलं, "काय मग, कशी झाली माझी विक्री?" तिने माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर बसली आणि म्हणाली,

"शालू, तू बोललीस म्हणून सांगतंय गो. दोन वर्षं झाली, मला सुईत दोरा ओवता येत नाही. शेजारची सून ओवून देते, आणि मी दर मंगळवारी तुमच्यासमोर बसून खोटं बोलते. येत्या मंगळवारी पहिली पाळी माझी."