ब्लँकेटवर बसून ब्लँकेटवाटप

मैत्रिणींनो, आज माझं डोकं फिरलंय. ऐकाच!

आमच्या चर्चचं महिला मंडळ दरवर्षी नाताळाच्या आधी पाथर्डीकडच्या एका गावात ब्लँकेटं वाटतं. गावातली तरुण माणसं तेव्हा ऊसतोडीला गेलेली असतात. मागे उरतात म्हातारी माणसं.

आज एका आजींनी आम्हाला बसायला कोरं करकरीत ब्लँकेट अंथरलं. बघते तर आम्ही गेल्या वर्षी दिलेलं! त्यावरच बसून आम्ही प्रार्थना केली आणि आणखी एक ब्लँकेट त्यांच्या हातात ठेवलं.

आजी म्हणाल्या, "बाई, पांघरुनं लई झाली. त्यापरीस मोबाईलचा रिचार्ज मारा की. पोराशी बोलनंच न्हाई."

तर आमच्या अध्यक्षीणबाई म्हणतात, "कमिटीत फक्त ब्लँकेटांचं ठरलंय."

अहो, पण ठरवलं कोणी? आपणच ना!

मी चिडून तिथेच रिचार्ज मारला. आजींना फोन स्पीकरवर लावून दिला. पोराचा आवाज येताच आजींनी पहिलं काय विचारावं?

"तिकडं लई थंडी हाय का रं? पांघरायला हाय ना काही?"

"न्हाई ना, आई."

आणि आम्ही सगळ्या ब्लँकेटवर बसलो होतो! आता पुढच्या मीटिंगमध्ये हे कमिटीला कसं सांगू, तुम्हीच सांगा.