पूजेतला कंप्युटर

माझी पहिली नोकरी गंगापूर रोडच्या ऑफिसात. कारखाना सिन्नरला, तिथे पंपांचे सुटे भाग बनतात. सहा महिने ट्रेनी, मग कायम करायचं की नारळ द्यायचा ते शेठ ठरवणार होते, आणि ते माझ्या रिपोर्टवरून ठरवणार होते.

रिपोर्ट म्हणजे, सिन्नरच्या स्टोअरमध्ये कुठला माल किती शिल्लक आहे ते ऑफिसातल्या टीव्हीवर दिसणार. रिपोर्ट ऑनलाइन, पण नोंदी सगळ्या स्टोअरच्या एका जुन्या कंप्युटरमध्ये. म्हणून मी तिथे जाऊन गेटवे टाकला. छोटा प्रोग्राम असतो, रिपोर्टने विचारलं की कंप्युटरमधली माहिती वर, म्हणजे नेटवर, पाठवतो. माहितीची एक प्रत वर ठेवूनही देता येते, पण मला सगळं लाईव्ह पाहिजे होतं. लाईव्हमध्ये वर काहीच साठत नाही, दर वेळी थेट सिन्नरला विचारलं जातं. मला हे फार भारी वाटलं होतं.

शेठनी उद्घाटन दसऱ्याला ठेवलं. सगळे नवे कपडे घालून आले. टीव्हीला झेंडूचा हार, समोर पेढे. शेठनी नारळ फोडला, मी रिपोर्ट उघडला. डेटा सोर्सशी संपर्क होत नाही, असं आलं.

मी म्हणाले, नेट स्लो आहे. नेट मस्त चालू होतं.

बाल्कनीत जाऊन स्टोअरच्या काकांना फोन लावला. काका शेठच्या वडिलांच्या काळापासून स्टोअर सांभाळतात. त्यांनी आदल्या संध्याकाळीच कंप्युटर बंद करून, पुसून, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढून पाने-पक्कड आणि ड्रिलच्या शेजारी पूजेला मांडला होता.

"काका, फक्त बटण दाबा. दुसऱ्या कशाला हात लावू नका."

"ताई, आज हत्यारांना सुट्टी हाय. लेथ बंद, ड्रिल बंद. कंप्युटरनंच काय घोडं मारलंय?"

मी त्यांना माझ्या नोकरीचं सांगितलं. मग ते म्हणाले, काकू नैवेद्य घेऊन निघाल्यात, नैवेद्य झाला की अक्षता टाकून कंप्युटर जरासा हलवतो, म्हणजे पूजा उठली. त्याआधी नाय.

आत येऊन मी शेठना खरं ते सांगून टाकलं. सहा महिन्यांचं अनुभवाचं पत्र तरी मिळेल का विचारायचं, हेही मनात ठरवून ठेवलं होतं.

शेठनी विचारलं, "नैवेद्य झाला का?"

"नाही."

"मग कसा चालू करतील?" असं म्हणून ते पेढा घेऊन बसले.

सव्वा तास अख्ख्या ऑफिसने हार घातलेला एरर बघितला. मग काकांचा मिस्ड कॉल आला आणि टीव्हीवर माल दिसायला लागला. बेअरिंग, सील, नटबोल्ट, सगळं लाईव्ह. शेठ दहा मिनिटं आकडे हलायची वाट बघत होते. हलले नाहीत, कारण सिन्नरला सगळ्यांना सुट्टी होती.

शेवटी ते मला म्हणाले, "तिथल्या माणसाला विचारायचं असतं आधी. वर एक प्रत ठेवायची सोय कर. कायम केल्याचं पत्र उद्या घेऊन जा."

मी बाल्कनीत पळाले, काकांना फोन केला.

"कायम झाल्या का?"

"झाले, काका."

"मग बंद करू का त्याला? उद्यापर्यंत आराम करू द्या."

मी म्हणाले, करा. आत आले तर टीव्हीवर परत संपर्क होत नव्हता. शेठ म्हणाले, असू दे.