नळ आमचा, पाणी शेजारणीचं

टोकियोतल्या निशी-कसाईत येऊन आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत मी एकही फोन स्वतः केला नव्हता. गॅस जोडायचा, नवऱ्याने फोन केला. दाताचा डॉक्टर, तोही नवऱ्यानेच. तो ऑफिसात बसून माझ्या दाढेचं वर्णन करायचा आणि मी घरी गाल धरून बसायचे. पुण्यात मी पॉलिटेक्निकला इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवत होते. साठ पोरांच्या वर्गाला धाकात ठेवणारी बाई इथे कुरिअरवाल्याने बेल वाजवली तरी श्वास रोखून गप्प बसायला लागली होती. स्वतःचाच राग यायचा मला.

त्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला.

"शनिवारी बघू," नवरा बूट घालता घालता म्हणाला. "मॅनेजमेंटवाल्यांना फोन करतो."

"हे तू मागच्या आठवड्यातही म्हणालास."

"अगं, ऑफिसात रिलीज आहे. आणि तू हात लावू नकोस हं. काही मोडलं तर म्हणतील, इंडियन लोकांना घर द्यायलाच नको होतं."

हात लावू नकोस म्हणे! तो लिफ्टपर्यंत पोचायच्या आत मी ठरवलं, हा नळ आज मीच दुरुस्त करणार. वायसर गेलाय हे मला दिसत होतं. अडचण होती ती दुकानात सांगायची, कारण माझं जपानी नमस्कार-चमत्कारापलीकडे जात नव्हतं. मग मी सरळ कागद घेतला आणि नळाचा उभा छेद काढला. वर मूठ, मध्ये आट्यांचा दांडा, तळाशी वायसर. वायसरला बाण.

स्टेशनमागच्या हार्डवेअरच्या दुकानात कपाळावर चष्मा चढवलेले एक आजोबा होते. त्यांनी कागद पाहिला, कानामागची पेन्सिल काढली आणि बाणाशेजारी माप म्हणून १३ आकडा लिहिला. एका खणातून रबरी वायसर लावलेला छोटा पितळी तुकडा काढला, त्याच्याशेजारी एक पाना ठेवला. छेदात मी एक रेघ जास्तीची काढली होती, तीसुद्धा त्यांनी खोडली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी माझ्या विषयावर बोललं होतं.

आमच्या दाराबाहेर भिंतीतल्या लोखंडी कपाटात पाण्याचे दोन मीटर होते, एक आमचा आणि एक शेजारणीचा. वरचे नंबर कधीच पुसले गेलेले. आमचं दार डावीकडे, म्हणून मी डावीकडच्या मीटरचा कॉक बंद केला. आत येऊन नळ उघडला, तर पाणी धो धो. म्हटलं, पाइपातलं उरलेलं असणार. पुण्यात गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद केला तरी पाणी संपायला वेळ लागायचाच. हातात पाना घेऊन दहा मिनिटं मी पाणी संपायची वाट बघत उभी. आणि म्हणे इंजिनिअर!

बेल वाजली. दारात शेजारच्या आजी. डोक्यावर शाम्पूचा ढीगभर फेस, तो कानावरून ओघळतोय, अंगाला कसाबसा गुंडाळलेला झगा. इथे कचऱ्याचे वार ठरलेले; चुकीच्या वारी ठेवलेल्या कचऱ्यावर चिठ्ठी चिकटवणाऱ्या आजी याच.

अगं आई गं! मी कमरेत वाकून "सुमिमासेन, सुमिमासेन" म्हणत माफी मागत सुटले. आजींनी कपाट उघडलं, त्यांचा कॉक सुरू केला, आमचा बंद केला, माझ्या हातातल्या पान्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेल्या.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. लाजेने कान तापले होते. वाटलं, मरू दे तो नळ. मग वाटलं, शोभा तर व्हायची ती झाली, आता नळही तसाच गळत ठेवायचा? अजिबात नाही.

पाना लावला. नट हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे सुटला. जुना वायसर पार चिरलेला. नवा बसवला, आवळला, कॉक उघडला. टप्प. "असं काय!" म्हणून पुन्हा कॉक बंद, पुन्हा सगळं खोललं. आत जुन्या रबराचा कण अडकलेला. तो पुसला, पुन्हा आवळलं आणि नळाखाली तळहात धरून थांबले. तळहात कोरडा राहिला.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. "केला बाबा एकदाचा फोन. शनिवारी दहाला माणूस येतोय."

"नको सांग त्यांना. झाला नळ."

"झाला म्हणजे? बरं, मी मीटिंगला चाललोय, संध्याकाळी कळवतो त्यांना."

"नंबर दे. मी कळवते."

"तू? जमेल?"

"नंबर दे रे."

डिक्शनरी उघडून तीन जपानी वाक्यं देवनागरीत लिहून काढली. कागद समोर धरून बटणं दाबली आणि वाचून दाखवली. पलीकडच्या बाईने सगळं ऐकून घेतलं, नळ नीट झाला, शनिवारी कुणी नको, खोलीचा नंबर अमुक. मग तिने विचारलं, दुरुस्ती कोणी केली, तुमच्या यजमानांनी का?

हे काही कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण 'यजमान' हा शब्द आठ महिन्यांत तेवढा ओळखीचा झाला होता.

"नाही," मी जपानीत म्हणाले. "मी केली."