हल्लु म्हणजे हळू न्हाय

हे मी आजवर कुणापुढं बोललो न्हाय. काल पहिल्यांदा बायकोला सांगितलं — आणि आता तोंड उघडलंच आहे, तर तुम्हालाही सांगून टाकतो.

आमच्याकडं मांजर आहे, सोनी. बेळगावजवळ पिरनवाडीत घर बांधलं तेव्हा सुमननं, म्हणजे बायकोनं, आणलेली. मी काय मांजरांचा माणूस न्हाय. शिवाय तोंडाचा फटकळ — एकदा बोललो की तेच खरं, अशी खोड. दोन वर्षांमागं सोनीचं खाणं बिघडलं. वाटीपर्यंत धावत यायची, मान वाकडी करून एकाच बाजूनं चावायची, आणि घास टाकून पळायची. मी जाहीर केलं — चोचले! बाईसाहेबांना मासे पाहिजेत! सुमनला पटत नव्हतं. सोनी अंग चाटेना, पाठीवर केसांच्या गाठी झालेल्या, दिवसभर कॉटखाली अंग चोरून बसायची. पण मांडीवर घेतली की घुरघुरायची की! दुखत असतं तर घुरघुरली असती का, असा माझा सवाल. काय पण अक्कल! दुखतानाही मांजर घुरघुरतं, हे मला कुठं ठाऊक?

इथवर अडाणीपणा म्हणा, चालेल. पुढचं मात्र समजून उमजून केलेलं.

एका रविवारी शेजारच्या गंगाक्का ताक घेऊन आल्या. त्या गोकाककडनं नवीन आलेल्या, मराठी येत न्हाय. सुमन साताऱ्याकडची, तिला कन्नड येत न्हाय. मधे दुभाष्या मी. गंगाक्कांनी सोनीची हनुवटी बघितली, लाळेनं ओली झालेली, आणि म्हणाल्या, "हल्लु नोवु ऐत्री." हल्लु म्हणजे दात. नोवु म्हणजे दुखणं. दिवसभर ऑफिसात मी कन्नडच बोलतो — मला कळलं नसेल? लख्ख कळलं.

"काय म्हणाल्या ओ?" सुमननं विचारलं.

आणि मी — मी म्हणालो, "हळू खातंय म्हणाल्या."

हल्लु, हळू. किती सोयीचं, व्हय की न्हाय? का केलं असं? इतके दिवस चोचले चोचले म्हणून ओरडलेला मी, शेजारणीच्या एका वाक्यानं खोटा ठरणार — तेवढंच. दुसरं कारण न्हाय, लई शोधून बघितलं.

सुमन बिचारी खाणं कालवून मऊ करून द्यायला लागली. पुढं लाळेत रक्त दिसलं तेव्हा तीच रिक्षा करून सोनीला बेळगावात डॉक्टरांकडं घेऊन गेली. दात सडलेले, हिरडी पिकलेली. लई दिवस सोसलंय हिनं, असं डॉक्टर म्हणाले. दात काढले आणि सोनी सुधारली. आता ऐसपैस लोळते, अंग चाटून चाटून चकचकीत ठेवते, माझ्याही पायात घोटाळते, निर्लज्ज कुठली. बघून बरं वाटतं.

पण सुमन? मांजराचा विषय निघाला की ती म्हणायची — मी घरात असून मला कळलं न्हाय, मुक्या जिवाचे हाल केले मी. दर वेळी. आणि मी शेजारी बसून चहा प्यायचो. एकदा तर तिची समजूतही घातली — जाऊ दे गं, होतं असं. अहो, सांगताना लाज वाटते!

काल सोनीला विंचरताना तिनं पुन्हा तेच म्हटलं, आणि माझ्या तोंडातनं सगळं भडाभडा बाहेर पडलं. गंगाक्का काय म्हणाल्या, मी काय सांगितलं, सगळं. वाटलं, आता ही हातातलं फेकून मारते.

तिनं फणी खाली ठेवली.

"म्हणजे मी तेव्हा विचारलं होतं," ती म्हणाली.

मग रडली, आणि रडता रडता चक्क हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला लई दिवसांत बघितलं नव्हतं. मलाही हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण एवढं एक वाक्य तिला दोन वर्षांपूर्वीच म्हणता आलं असतं. मी म्हणू दिलं न्हाय.