मेंढका म्हंजी मोडनारा

फलटनच्या अंगाला एका गावात पोरानं पाटी फोडली, का शेरडानं केळ मोडली, की बाया वरडायच्या, "मेंढका हाय नुसता!" तितं मेंढका म्हंजी मेंढरं राखनारा न्हवं. मेंढका म्हंजी मोडनारा, नासधूस करनारा. पयल्यांदा ऐकलं तवा मी गल्लीतनं चालले व्हते. त्या बाईनं माज्याकडं बघितलं, आन् पोराला दंडाला धरून घरात वडलं.

माजी सासू, आमी तिला आत्ती म्हनायचो, ती सांगायची, लय मागं कुनाची तरी मेंढरं तितल्या उभ्या जुंधळ्यात शिरली. कळप कुनाचा, कुनाला ठाव. नाव मातर आमा समद्यांला चिकटलं.

साल दुष्काळाचं. आमच्या जतकडं प्यायला पानी न्हवतं, म्हनून मेंढरं घिऊन आमी वर सरकलो. त्या गावच्या एका बागाइतदारानं त्येच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवली. लेंड्यांचं खत त्येला, जुंधळं आमाला.

त्या दिशी माजं मालक, आत्तीचा ल्योक, पुढचं चरायचं रान बघाया गेलं व्हतं. खांद्याव कुऱ्हाड, शेरडांला पाला तोडायची. बिऱ्हाडाव मी, आत्ती आन् माजी तान्ही लेक. उनं पडली तशी गावची मानसं आली, काठ्या घिऊन. शेजारच्या मळ्यात उसाला पानी नेनारं सिमेंटचं पाइप कुनी फोडलं व्हतं.

"ए म्हातारे, मेंढका कुटं गेला तुजा?"

"आवं दादा, रान बघाया गेलाय पुढं."

"फोडून पळाला म्हन की!"

"पळंल कसा? मेंढरं हितंच हायती न्हवं."

"आन् कुऱ्हाड?"

"त्येंच्यापाशी," मी म्हनले.

तसा एक जन हसला. "बसा रं हितंच. यिऊ द्या त्येला. हातच मोडू, म्हंजी परत काय मोडायचा न्हाई."

आमच्याच घोंगड्यांव बसली. माज्या टोपल्यातली भाकरी काढून एकानं कुत्र्याला टाकली. लेक रडाय लागली, पाजाय घेतली तर दूध उतरंना. मी वाटंकडं बघत व्हते. आज यिऊ नगा, एवढंच मनात.

वढ्याच्या पल्याड मालकांचा तांबडा पटका दिसला. माजा हातच उचलंना. आत्तीला मातर दम निघला न्हाई. ती उठली आन् तोंडाव हात मारत तिनं लांब हाळी दिली.

ती हाळी लांडग्याची. कळपात लांडगा शिरला की आमी तशी द्यायचो. आत्तीला सांगायचं व्हतं, हितं धोका हाय, पळ. पर ती हाळी ऐकल्याव मेंढका माघारी कसा पळंल? मालक कुऱ्हाड उगारून सरळ आमच्याकडं धावत आलं. आत्तीनं दोनी हातांनी तोंड दाबलं.

"बघा, बघा! कुऱ्हाड घिऊनच आला!"

काठ्या पडाय लागल्या. मार खाताना बी मालक कळपाकडंच बघत व्हतं. "कुटनं शिरला? कुटं हाय?" इचारत व्हतं. मी लेकीला घिऊन त्येंच्या अंगाव पडले. एक काठी माज्या पाठीत बसली. तवर रानाचा धनी पळत आला.

"आरं, बाईला मारता व्हय रं? लेकरू हाय तिच्यापाशी!"

तवा हात थांबलं. "दिस मावळायच्या आत शीव सोडा," म्हनून गेली.

मालकांचा उजवा हात मोडला. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, पर सरळ बसला न्हाई. पाइप कुनी फोडलं, ते आमाला कवाच कळलं न्हाई.

दुसऱ्या साली त्याच वाटंनं जावं लागलं, चारा दुसरीकडं न्हवता. शीव आली की मालक कुऱ्हाड माज्याकडं द्यायचं. मी ती वाकळंत गुंडाळून घोड्याव बांधायची. शेरडं पाल्यासाटी वरडायची. वरडू देत. गाव मागं पडस्तवर झाडाला हात लावायचा न्हाई, कुनाशी बोलायचं न्हाई. आन् लेक रडली तर तिचं तोंड पदरानं दाबून धरायचं, कोन घरातनं भाईर येऊ नये म्हनून.