राख धुतलेले बी

प्रिय ईरा आणि निहार,

ईरा, मागच्या रविवारी तू फोनवर विचारलेस, की बदलत्या हवामानात लहान शेतकऱ्यांना तगायला मदत करणारा कोणी माणूस मी जवळून पाहिला आहे का. तुला त्याच कामात नोकरी मिळते आहे, म्हणून विचारलेस. मी विषय बदलला. असा एकच माणूस मी जवळून पाहिला आणि त्याच्याबद्दल चांगले बोलण्यासारखे माझ्याकडे फारसे नाही. पण तू रुजू होण्याआधी तो तुला माहीत असावा, म्हणून लिहिते. निहारनेही वाचावे. त्याला फोटो काढायची फार हौस आहे.

त्याचे नाव सुधांशू, अशाच एका प्रकल्पाचा अधिकारी. सगळे त्याला साहेब म्हणत. त्याच्या गाडीच्या डिकीत एक कापडी पिशवी असे आणि पिशवीत घडी घातलेले हिरवे नऊवारी लुगडे, एक पांढरी टोपी आणि एक नवा विळा. आपल्याकडचे शेतकरी आता पँट-शर्ट घालतात, बाया गाऊनवर ओढणी घेऊन निंदणीला जातात. साहेबांना ते चालत नसे. फोटोच्या आधी ते पिशवी काढत आणि म्हणत, "थोडं शेतकरी दिसायला हवं." एका महिन्यात मी ते लुगडे तीन वेगवेगळ्या बायकांच्या अंगावर पाहिले.

मी तेव्हा शिंदखेड्याच्या कॉलेजातून निवृत्त झाले होते आणि त्यांचे अहवाल इंग्रजीत लिहून देत होते. एक गोष्ट न्यायाने सांगते. त्या अहवालांत खोटे वाक्य नव्हते. धसकटे जाळू नका, जमीन झाकून ठेवा, घरचे बी जपा, पिकाचे गावातच काही बनवून विका. सगळे बरोबर होते. साहेबांना ते पाठही होते. फक्त शेतात उतरायचे असले की ते बांधावर रुमाल पसरून बसत आणि तिथूनच हात करून दाखवत.

नरडाण्यापासून थोड्या अंतरावरच्या एका गावात अकरा बायकांचा गट होता. हिराअक्का त्यांची पुढारी, वय सत्तरीच्या पुढे, जमीन जेमतेम तीन एकर. या बाया दादर पेरत. दादर म्हणजे आपली रब्बीची ज्वारी. पाऊस सरल्यावर काळ्या जमिनीत पेरायची, मग तिला पाणी द्यावे लागत नाही, जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर ती येते. त्या दादरचे बिबडे करून बाया विकत. तुमच्या डब्यात मी पाठवते ते मोठे पापड, तेच. दुसऱ्या ज्वारीचे बिबडे वाळताना तडकतात, म्हणून त्यांचा सगळा धंदा त्या एका बियाण्यावर उभा होता.

साहेबांनी बिबड्यांना 'हेरिटेज क्रिस्प्स' असे नाव दिले. अक्कांनी पाकीट उलटसुलट करून विचारले, "हाई काय शे?" मी सांगितले. त्या म्हणाल्या, "बिबडाले बिबडा म्हणाले लाज वाटस का साहेबले?"

साहेबांचे एक वाक्य ठरलेले होते. "जे दिसत नाही, ते झालंच नाही, मॅडम." अक्कांच्या स्वयंपाकघरात फोटो काढताना त्यांना चुलीवर टांगलेली पाच काळीठिक्कर कणसे दिसली. प्रत्येक सुगीत पहिल्या पेंढीतली पाच कणसे कानबाई देवीच्या नावाने धुरात टांगायची, पुढची सुगी आली की बदलायची, अशी त्या घरची रीत. साहेब म्हणाले, "अक्का, ही जळमटं जरा काढा ना."

"ती मन्ही नहीत. कानबाईनी शेतस," अक्का म्हणाल्या. साहेबांनी फोटो दुसऱ्या कोपऱ्यातून काढला.

मग प्रकल्पाला पैसे देणारे पाहुणे येणार असे ठरले. ऑगस्ट होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत साहेबांनी बीजपेढी मांडायला घेतली, काचेच्या बरण्या, चमकदार झाकणे. दादरचे बी बाया मडक्यात ठेवत, राख आणि कडुलिंबाचा पाला मिसळून, वरून शेणाने तोंड लिंपून. मडक्यांची तोंडे उघडली आणि राखाडी दाणे बाहेर आले, तेव्हा साहेबांनी तोंड वाकडे केले.

"हे असं दाखवायचं? पाहुण्यांना वाटेल कचरा भरलाय. धुवून घ्या."

अक्का मडक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "भाऊ, हाई बी दखाडाले नही, पेराले शे."

"पेराच की. आधी दोन तास दिसू तर द्या." मग त्यांनी बाकीच्या बायकांकडे पाहून सांगितले, की बरण्या भरल्या नाहीत तर बिबडे वाळवायचे सौरयंत्र मंजूर होणार नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिले आणि बादल्या आणल्या. शेवटी अक्कांनीही मडके पुढे सरकवले. अकरा घरांचे बी एका दुपारी धुतले गेले आणि पावसाळी हवेत पंख्याखाली दोन दिवस वाळवून बरण्यांत बंद झाले. माझी आई बियाण्याला राख कशाला लावायची, ओल आणि कीड लांब राहावी म्हणून, ते मला लहानपणापासून माहीत होते. मी तिथे बसून बरण्यांवर इंग्रजी नावे लिहीत होते.

पाहुणे आले. म्हणाले, फार सुंदर. गेले.

नवरात्रात पेरणीसाठी झाकणे उघडली तर आंबूस वास आला. दाण्यांना बुरशीची जाळी धरली होती. अक्कांनी मूठभर दाणे ओल्या गोणपाटात बांधून ठेवले. चार दिवसांनी सोडले, तर चार-पाच दाण्यांना कोंब. बाकी बोटाने दाबले की पिठासारखे फुटत.

साहेब आले. त्यांनी बरणी पाहिली आणि सर्वांत आधी ती खिडकीतून उचलून आत ठेवली, कोणाला दिसू नये म्हणून. मग म्हणाले, "नुकसान असं म्हणायचं नाही, शिकवण म्हणायचं. मी संकरित बियाणं आणून देतो."

"त्याले पानी लागस," अक्का म्हणाल्या. "तुम्ही देनार का पानी?"

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, 'बियाण्यातील वैविध्याकडे वाटचाल' असं काहीतरी लिहा." मी एवढेच लिहिले, की अधिकाऱ्याने राख धुवायला लावली आणि बी मेले. अहवाल छापून आला तेव्हा त्यात ते वाक्य नव्हते. काम मी सोडले. पण बरण्यांवरची नावे माझ्याच अक्षरात होती, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

त्या वर्षी बिबडे झाले नाहीत. दोघी जणी नरडाण्याच्या कारखान्यात रोजाने जाऊ लागल्या. सौरयंत्र मात्र आले, साहेबांच्या नावाच्या पाटीसह. साहेबांना बढती मिळून ते राजधानीत गेले. जाताना निरोप घ्यायला आले, रस्त्यावरच गाडी थांबवली, खाली उतरले नाहीत. काच खाली करून त्यांनी ते हिरवे लुगडे अक्कांच्या हातात दिले. "माझ्याकडून आठवण, अक्का."

अक्कांनी ते घेतले आणि घडीही मोडली नाही.

त्या आधीच, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी चुलीवरची पाच कणसे उतरवली होती. आधी कानबाईची माफी मागितली, मग दाणे चोळून काढले आणि पेरले. तीन एकरांच्या शेतात मोजक्या ओळी निघाल्या. कणसांत दाणे भरले आणि पाखरे आली, तेव्हा अक्कांनी शेताच्या मधोमध बुजगावणे उभे केले आणि त्याला ते लुगडे नेसवले, पदर डोक्यावरून, अगदी फोटोसारखा.

मी बांधावर उभी होते. विचारले, "अक्का, हे काय?"

"साहेबनं लुगडं शे, बाई. मानसे फसनात, पाखरेबी फसतीन."

ईरा, कामाला जा. त्या कागदांतले सगळे बरोबर आहे, ते करण्यासारखे आहे. फक्त शेतात उतर. आणि कोणी राखेवर हात ठेवून उभे असेल, तर आधी त्याला विचार.

त्या ओळींचे बी पुढच्या वर्षी एकराला पुरले, त्याच्या पुढच्या वर्षी वाटले गेले. कारखान्यात गेलेल्यांपैकी एक परत आली, एक नाही. लुगडे उन्हाने विटून फाटले. दादर आहे. यंदा ती अकराही घरांत आहे, मडक्यात, राखेत.

तुमची आजी